अंत्ययात्रेत आणि पुण्यस्मरणात वीणा कशी धरावी

गावात एखादा माळकरी गेला की पहिला निरोप भावकीला जातो आणि दुसरा भजनी मंडळाला. पाच-सहा टाळकरी सहज जमतात, मृदंगवाला शेजारच्या वाडीवरून येतो. अडचण होते ती वीणेकऱ्याची. आमच्या खेड-जुन्नरकडच्या गावांत जुने वीणेकरी आता थकले आहेत. त्यांच्या जागी जी तरुण मंडळी पुढे आली आहेत त्यांना सप्ताहातला पहारा, म्हणजे पाळीपाळीने वीणा घेऊन उभे राहणे, चांगला ठाऊक असतो, पण अंत्ययात्रेत, दशक्रियेला किंवा वर्षश्राद्धाच्या कीर्तनात वीणा कशी सांभाळायची हे त्यांना कोणी बसवून सांगितलेले नसते. सप्ताहात काही चुकले तर पुढच्या पहाऱ्याला ते सुधारता येते. हा प्रसंग मात्र त्या घरावर एकदाच येतो, आणि त्या दिवशी काय झाले हे घरातली माणसे वर्षानुवर्षे विसरत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वीणेचे काम काय, ते नीट समजून घ्यावे. वारकऱ्यांची वीणा म्हणजे गळ्यात पट्टा घालून उभ्याने छेडता येईल असा लहान तंबोराच. काही वीणांच्या दांडीवर पडदे बसवलेले असले तरी भजनात सहसा त्यांचा उपयोग करत नाहीत. वीणेवर अभंगाची चाल वाजवायची नसते, तिने सूर धरून ठेवायचा असतो. एरवी हे काम साधे वाटते, कारण गाणारे गळे भक्कम असतात आणि वीणा बंद पडली तरी भजन चालू राहते. दुःखाच्या दिवशी उलटे होते. चरण म्हणता म्हणता चाल म्हणणाऱ्याचाच गळा दाटून येतो, धृपद धरणाऱ्यांपैकी दोघे-तिघे गेलेल्या माणसाचे सोबती असतात आणि त्यांना शब्द फुटत नाही, मध्येच घरातून आकांत उठतो आणि टाळ थबकतात. अशा वेळी ज्याचा आवाज थांबत नाही असे एकच वाद्य तिथे असते. वीणेचा सूर चालू राहिला की भजन कुठून उचलायचे ते लोकांना कळते, आणि तो तुटला की सगळेच विस्कटते. पुढे जे जे सांगितले आहे ते या एका गोष्टीसाठी आहे.

तयारी वीणेपासून सुरू होते आणि ती निरोप येण्याच्या आधी झालेली असली पाहिजे. बहुतेक वीणांना तंबोऱ्याप्रमाणे चार तारा असतात: एक पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या आणि एक खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. अभंगाची चाल मालकंसाच्या अंगाची असेल तर पंचमाची तार मध्यमावर उतरवतात. परंतु अंत्ययात्रेत चाली पटापट बदलत असल्याने पंचमच ठेवलेला बरा. तारा कधी बदलल्या याची खूण घरात कुठेतरी लिहून ठेवावी. माझ्याकडून एकदा हे राहून गेले. आमच्याच मंडळातल्या एका टाळकऱ्याला उचलण्याची वेळ होती, खांदेकरी वाकले होते, आणि त्याच क्षणी पंचमाची जुनी, गंज धरलेली तार घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, तुटली. तारेचा तो आवाज मृदंगाहूनही मोठा वाटला आणि ओट्यावरच्या सगळ्या माणसांनी माझ्याकडे पाहिले. उरलेल्या तीन तारांवर मी घाटापर्यंत गेलो, पण त्या दिवसापासून पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा चारही तारा नव्या घालतो आणि पट्ट्याला शिवलेल्या छोट्या खिशात एक पोलादी आणि एक पितळी तार गुंडाळून ठेवतो.

खुंट्यांकडेही आधी पाहावे. उन्हाळ्यात लाकूड सुकून त्या सरकतात, मग खडूची भुकटी लावून घट्ट बसवाव्या लागतात. पावसाळ्यात त्याच खुंट्या दमटपणाने फुगून जागच्या हलत नाहीत. घोडीवर तारेखाली जवारीसाठी, म्हणजे तार गुंजत राहावी म्हणून, घातलेला दोरा चालताना सरकतो आणि मग तार बोथट बोलते किंवा चिरकते, त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी प्रत्येक दोरा बोटाने जागेवर आहे ना हे तपासावे. भोपळ्याला तडा असेल तर तो कापडी पट्टी चिकटवून झाकू नये, जाणत्या कारागिराला दाखवावा. मिरजेत ही विद्या दीड शतकाहून अधिक काळ टिकून आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या वाद्यांचे मोठे भोपळे पंढरपूर भागात भीमेच्या काठी पिकतात हे जेव्हा कळले, तेव्हा गळ्यातल्या वीणेचे वजन मला वेगळेच वाटू लागले होते.

सूर घरीच लावून निघावे, दारात बसून खुंट्या पिळत राहू नये. शोकाच्या घरी वाद्य जुळवण्याचा आवाज कानाला फार लागतो. मंडळाची पट्टी ठरलेली असते, समजा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), तर पेटीवर किंवा मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर षड्ज ऐकून घरीच वीणा मिळवावी आणि तिथे गेल्यावर अंगणाच्या कडेला उभे राहून फक्त तारांत ओवलेले मणी सरकवून बारीक फरक काढावा. सावलीतून उन्हात आल्यावर तारा तापून सैलावतात आणि सूर खाली येतो, तेव्हा चैत्र-वैशाखात अंत्ययात्रा असेल तर निघण्यापूर्वी पाच मिनिटे वीणा उन्हात धरून मग मणी सरकवावेत. मृदंगवाल्याने मृदंगाची पुडी (चामड्याचे तोंड) त्याच सुराला लावलेली आहे ना, एवढे हळू आवाजात विचारून घ्यावे.

घरी पोहोचल्यावर थेट भजन सुरू करू नये. प्रत्येक गावाची आणि भावकीची रीत निराळी असते, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात: भजन केव्हा सुरू करायचे, कोणाची वाट पाहायची आहे का, आणि घाटावर भजन चालू ठेवायचे की वेशीवर थांबवायचे. सुतकाचा प्रश्नही इथेच सोडवावा. नामाला सोयर-सुतक नाही असे वारकरी मानतात आणि मलाही तेच पटते, तरी अनेक घरांत भावकीतल्या माणसाने त्या दिवसांत वीणेला हात लावू नये असा संकेत पाळतात. तो मोडण्याची ही वेळ नव्हे. वीणेकरी शक्यतो भावकीबाहेरचा असावा. त्यामुळे संकेतही सांभाळला जातो आणि ज्याचे स्वतःचे दुःख मोठे आहे अशा माणसावर सूर टिकवण्याचा भार पडत नाही.

पोशाख नेहमीचाच असावा: धुतलेले धोतर किंवा पायजमा, पांढरा सदरा, गळ्यात माळ, कपाळी गंध-बुक्का. एरवी वीणेला हार घालतात, त्या दिवशी मात्र हार घालू नये असे माझे मत आहे. हारातली फुले तारांत अडकतात आणि चालताना त्या मुक्या होतात, हे एक कारण. आणि त्या दिवशीचा हार दुसऱ्या कोणासाठी आणलेला असतो, हे दुसरे.

अंत्ययात्रा निघताना भजनी मंडळ पुढे असते, त्यामागे मडके धरलेला मुलगा आणि मग तिरडी. टाळकरी दोन रांगांत उभे राहतात, मृदंग मध्ये आणि त्याच्या मागे वीणा. म्हणजे वीणेकऱ्याच्या पाठीशी लगेच तो मुलगा चालत असतो. ही गोष्ट कोणी सांगत नाही, पण ती ध्यानात ठेवली पाहिजे. त्या मुलाला मृदंगापेक्षा वीणाच जास्त ऐकू येते. तुमची चाल त्याच्या चालीपेक्षा अर्ध्या पावलानेही वेगवान झाली तर मध्ये अंतर पडते आणि मागून कोणीतरी ओरडते, तेव्हा अधूनमधून मान वळवून पाहावे आणि त्याच्या पायाच्या गतीने छेडावे. दिंडीत आपण सम साधून तारा झडझडून छेडतो, तसे इथे करू नये. तर्जनीचे मांस तारेवरून सावकाश ओढून एकेक तार पूर्ण वाजू द्यावी, नख लावू नये, आणि चार तारांची एक फेरी साधारण दोन पावलांत पुरी करावी. डाव्या हातात चिपळ्या घेण्याची सवय असली तरी त्या कमरेला खोचून ठेवाव्यात, कारण गर्दीत आणि उतारावर दांडी सावरायला तो हात मोकळा लागतो.

काय म्हणायचे हे चाल म्हणणारा ठरवतो, वीणेकऱ्याने त्यात पडू नये. आमच्याकडे उचलताना तुकोबांचा ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ हा निरोपाचा अभंग म्हणतात आणि वाटेने ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ किंवा ‘जय जय राम कृष्ण हरी’ हा गजर चालतो. एका अभंगातून दुसऱ्यात जाताना किंवा अभंग संपून गजर सुरू होईपर्यंत जी पाच-दहा सेकंदांची फट पडते, ती वीणेने भरायची असते. तिथे आवाज वाढवू नये, कमीही करू नये. विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवून खांदे बदलतात, घास ठेवतात, तेवढा वेळ टाळ-मृदंग थांबतात. वीणा थांबू नये.

वीणेकरी दमला किंवा त्यालाच हुंदका आवरेनासा झाला तर वीणा दुसऱ्याकडे द्यावी, यात कमीपणा काही नाही. मात्र देण्याची पद्धत नीट असावी. वीणा जमिनीवर ठेवून दुसऱ्याने ती उचलायची नाही. घेणारा समोर येऊन वीणेला आणि देणाऱ्याला नमस्कार करतो, देणारा त्याला उलट नमस्कार करतो. मग पट्टा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो, आणि देणाऱ्याचे बोट तारेवरून सुटण्याआधी घेणाऱ्याचे बोट खर्जाच्या तारेवर पडलेले असते. चालता चालता हे जमायला सराव लागतो. दोघांनी घरी दहा-बारा वेळा करून पाहावे. नजर चुकली तर पट्टा कानात किंवा पागोट्यात अडकतो आणि तेवढ्यात सूर तुटतो.

दोन वर्षांपूर्वी एका अंत्ययात्रेत विसाव्यावर गेलेल्या माणसाची मुलगी पुढे आली. वडिलांबरोबर ती लहानपणापासून भजनाला बसायची आणि वीणा उत्तम छेडायची. “माउली, इथून पुढं मी घेऊ का?” एवढेच ती म्हणाली. मी तिच्या चुलत्यांकडे पाहिले, त्यांनी मान हलवली. पट्टा माझ्या उंचीचा होता, तिला लांब झाला आणि भोपळा तिच्या गुडघ्यापाशी लोंबू लागला, म्हणून तिने पट्ट्याला गळ्यामागे एक गाठ मारली आणि चालू लागली. घाटापर्यंत तिने एकदाही बोट थांबवले नाही. अशी मागणी आली तर, घरच्यांची हरकत नसेल तर, वीणा द्यावी. भावकीबाहेरचा वीणेकरी असावा असे मी वर लिहिले ते सोयीसाठी आहे, कोणाला अडवण्यासाठी नाही. आणि हो, पट्ट्याला कमी-जास्त करता येईल असे बक्कल असावे.

घाटावर वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे. धुराचा त्रास गळ्याला होतोच, पण आचेचा त्रास वीणेला जास्त होतो: सांधे सरसाने जोडलेले असतात, सरस उष्णतेने मऊ पडतो आणि ताणलेल्या तारांच्या ओढीने भोपळ्यावरची लाकडी तबली उचकटू शकते. वीस-पंचवीस पावलांचे अंतर पुरे. मुलगा मडके घेऊन प्रदक्षिणा घालतो तेव्हा बहुतेक ठिकाणी गजर अगदी हळू करतात, आणि अग्नी दिल्यावर काही गावांत तो एकदम वाढतो. त्या वाढत्या गजरात वीणा कोणाला ऐकू येत नाही म्हणून पुष्कळजण छेडायचे सोडून देतात. तसे करू नये, कारण गजर ओसरताना लोक पुन्हा सुराकडेच येतात. त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणे होतात. एखादा वक्ता बोलायला उभा राहिला की बोट थांबवावे आणि तळवा तारांवर टेकवून उभे राहावे, वीणा मात्र गळ्यातून काढू नये. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात तेव्हाही तसेच. त्या शांततेत मागे तंबोरा वाजत राहिला तर बरे वाटेल असे काहींचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. स्तब्धता ही स्तब्धताच असावी.

परत आल्यावर स्नान करून वीणा ओलसर फडक्याने पुसावी, पाऊस लागला असेल तर कोरड्या कापडाने पुसून सावलीत ठेवावी, आणि खुंट्या अर्धा फेर सैल कराव्यात.

दशक्रियेचे स्वरूप वेगळे असते. आमच्याकडे सकाळी सात-आठच्या सुमारास नदीच्या घाटावर विधी चालतो आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत प्रवचन असते. प्रवचनात वीणेचे काम थोडे असते: सुरुवातीचा गजर आणि शेवटचा गजर. मधल्या काळात वीणा उभी धरून बसावे. कावळ्याकडे लोकांचे लक्ष लागलेले असते, आणि काव पटकन शिवला नाही तर माणसे अस्वस्थ होतात, कुजबुज सुरू होते, कोणी कोणाला दोष देऊ लागते. अशा वेळी प्रवचनकार हळूच मागे पाहतात, ती खूण वीणेकऱ्याने ओळखावी आणि सूर सुरू करावा. मग गजर आपोआप उभा राहतो. नदीकाठी पहाटेच्या गारव्यात तारा चढलेल्या असतात आणि तासाभराने ऊन आले की उतरतात, म्हणून शेवटच्या गजरापूर्वी मणी एकदा पाहून घ्यावेत.

तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला कीर्तन असते आणि तिथे वीणेकऱ्याची खरी कसोटी लागते, कारण दोन तास उभे राहायचे असते. वीणेकरी कीर्तनकाराच्या मागे उभा राहतो, दोन्ही बाजूंना टाळकरी. आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून आलेले कीर्तनकार आता गावोगाव आहेत; त्यांची पट्टी अनेकदा गावच्या मंडळाहून एक-दोन स्वरांनी चढी असते. आदल्या दिवशी फोन करून ती विचारावी. ऐनवेळी काळी एकवरून काळी तीनपर्यंत तारा ओढल्या तर त्या स्थिर व्हायला वेळ लागतो आणि जुनी तार तुटण्याचा धोका असतोच. कीर्तनकार निरूपण करत असताना बोट हलके ठेवावे, त्याच्या शब्दांवर सूर चढू देऊ नये; तो प्रमाण म्हणून घेतलेल्या एखाद्या अभंगाकडे वळून गाऊ लागला की लगेच भरून छेडावे. तो बोलता बोलता कधी गाऊ लागेल हे त्याच्या श्वासावरून कळते. उभे राहण्याचा त्रास होऊ नये म्हणून पायांत वीतभर अंतर ठेवावे आणि भोपळ्याचा भार पट्ट्यावर न देता थोडा कमरेवर घ्यावा.

ध्वनिक्षेपक असेल तर वीणेसाठी वेगळा माइक मागावा आणि तो घोडीसमोर, हातभर अंतरावर ठेवायला सांगावा. भोपळ्याला चिकटवला तर खर्जाची तार घुमून सगळ्या मांडवात घरघर होते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा मागे लावून वीणा नुसती शोभेला धरण्याची पद्धत हल्ली दिसते. कीर्तनकाराची ती गरज असेल तर हरकत नाही, पण मग दोन्हींचा सूर एकमेकांना घासता कामा नये.

पुण्यस्मरणाच्या कीर्तनात ठरलेल्या वेळी, बहुधा दुपारी बाराच्या सुमारास, फुले वाहतात. संतांच्या स्मरणदिनी हेच होत आले आहे. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत त्या प्रसंगाचे कीर्तन नामदेवरायांच्या वंशातले नामदास महाराज करतात आणि घंटानादात पुष्पवृष्टी होते. गावच्या मांडवातही त्या क्षणी सगळे उभे राहतात, टाळ-मृदंग टिपेला जातात, आणि समोर ठेवलेल्या तसबिरीकडे पाहून घरची माणसे पुन्हा एकदा कोसळतात. वीणेकऱ्याच्या हातातही कोणीतरी फुले देतो. ती डाव्या हातात घ्यावीत, उजवे बोट तारेवर तसेच ठेवून डाव्या हातानेच वाहावीत. त्यानंतर आरती आणि पसायदान होते. पसायदान सहसा टाळ-मृदंगाशिवाय म्हणतात, आणि तेव्हा वीणा एकटीच ऐकू येते. त्यासाठी आरती चालू असतानाच, गजराच्या आवाजात, तारा शेवटच्या एकदा मिळवून घ्याव्यात.

गेलेला माणूस स्वतःच वीणेकरी असेल तर त्याच्या वीणेचे काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. काही जण ती तिरडीवर ठेवायला निघतात. वडीलधाऱ्यांनी त्यांना थांबवावे. अंत्ययात्रेत ती वीणा दुसऱ्या कोणी छेडू नये, त्या दिवशी मंडळाची दुसरी वीणा घ्यावी आणि त्याची वीणा देवघरापाशी खुंटीला टांगून ठेवावी. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी ती खाली काढावी. इतक्या दिवसांत तारा उतरलेल्या असतात, धूळ बसलेली असते, आणि ज्या जागी त्याचे बोट रोज पडायचे तिथे तारेवर काळसर चकाकी दिसते. त्या तारा काढून घरच्यांच्या हाती द्याव्यात, नव्या चार तारा घालून वीणा मंडळाच्या पट्टीला लावावी, आणि दुसऱ्या दिवशी कीर्तन सुरू होण्यापूर्वी घरच्या मोठ्या माणसाने ती पुढच्या वीणेकऱ्याच्या गळ्यात घालावी.